ओकचे आकडे आणि धडगावचा मोह

परिसंस्था शिकवताना इंग्रजी पुस्तकांतून आलेला ओक वृक्ष हमखास भेटतो. धडगावच्या विद्यार्थ्याला मात्र सातपुड्यात साग, सालई, मोह दिसतात. ओक दिसत नाही. भारतातले ओक हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत वाढतात. मग हे उदाहरण टाकून द्यावे काय? त्यासाठी ओकच्या ख्यातीला आकड्यांचा आधार देणारा मूळ निबंधच तपासायला हवा.

ब्रिटनमधील कोणत्या झाडावर किती जातींचे कीटक जगतात, याची यादी टी. आर. ई. साउथवुड यांनी १९६१ साली मांडली. देशी ओकवर २८४ जाती, तर बाहेरून आणलेल्या हॉर्स चेस्टनटवर अवघ्या ४. सर्वांत बोलका आकडा होम ओकचा. हाही ओकच, पण भूमध्य प्रदेशातून आणलेला. त्यावर फक्त २ जाती! म्हणजे महत्त्व नावाला नाही. झाड त्या भूमीवर किती काळ आणि किती विपुल वाढत आले, याला आहे. साउथवुड यांचे हे प्रतिपादन धडगावलाही उपयोगी आहे. १९८४ च्या सुधारित यादीत ओकचा आकडा ४२३ झाला, पण वाळुंज ४५० वर गेला. पाठ्यपुस्तकांतला राजा मात्र ओकच राहिला.

या पद्धतीत उणिवाही आहेत. ज्या झाडाचा अभ्यास अधिक, त्यावर नोंदी अधिक. शिवाय कीटकांखेरीज इतर पाहुणे हिशेबात येत नाहीत. ओकचे परागीभवन वारा करतो. मोहाच्या फुलांकडे रात्री वटवाघळे येतात. पहाटे गळणारी रसाळ फुले अस्वले, हरणे खातात आणि माणसे वेचतात. केवळ कीटक मोजले तर मोहाचे मोल कमीच ठरेल. म्हणून 'मोह म्हणजे आपला ओक' असे शिकवणेही चुकीचे.

आकडे पाठ करण्यापेक्षा साउथवुड यांचा प्रश्न उचलावा. शाळेजवळचा एक मोह आणि एक निलगिरी निवडून दोन्हींवरचे जीव विद्यार्थ्यांनी वर्षभर नोंदवावेत. मोहाखालची रोपेही मोजावीत. फुले वेचणे सोपे जावे म्हणून अनेक ठिकाणी झाडाखालचा पाचोळा जाळतात. त्यात रोपे होरपळतात. म्हातारे मोह उभे आणि खाली एकही पोर नाही, असे आढळले, तर ती नोंद सर्वांत महत्त्वाची समजावी.