गटातील शिकवण व वर्गातील वर्तन

अवधानन्यूनता व अतिचापल्य असलेल्या विद्यार्थ्यांना शाळेत गटागटाने समुपदेशन देण्याची पद्धती बहुधा एका गृहीतावर उभी असते: आपली पाळी येईतो थांबावे, दुसऱ्याचे बोलणे तोडू नये, हे या मुलांस ठाऊकच नसते. स्टोरेबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली २५ प्रयोगांचा जो परामर्श घेतला, त्यात सामाजिक कौशल्यांच्या प्रशिक्षणामुळे शिक्षकांच्या नजरेस येईल असा अर्थपूर्ण फरक आढळला नाही. अर्थात पुराव्याची प्रतही हलकीच होती. तेवढ्यावरून पद्धती त्याज्य ठरविणे घाईचे होईल. रसेल बार्कली यांचा आक्षेप अधिक मूलगामी आहे. त्यांच्या मते उणीव ज्ञानाची नसून, ते ऐन वेळी आचरणात आणण्याची आहे. तसे असेल तर बाजूच्या खोलीत दिलेली शिकवण मधल्या सुटीतील भांडणापर्यंत पोहोचावी कशी? अमोरी मिकामी यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शिक्षकांनी सबंध वर्गालाच हाताशी धरले, आणि अशा २४ मुलांना सवंगड्यांची अधिक पसंती लाभली. मात्र हा प्रयोग उन्हाळी वर्गातला, शाळेतला नव्हे. साठ मुलांसमोर उभा असलेला एकटा शिक्षक हे कितपत साधू शकेल, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.