शस्त्र, मनोविकलता आणि कुटुंब : कायद्याच्या शब्दयोजनेची चिकित्सा

घरात परवान्याची बंदूक आहे आणि घरातील एक व्यक्ती मनाने आजारी आहे. ती बंदूक तिच्या हाती लागून कोणाचा प्राण गेला, तर घरातील इतरांवर कायद्याने कितपत जबाबदारी येते? हा प्रश्न सामान्यतः विधिज्ञांचा मानला जातो. परंतु त्याचे उत्तर बऱ्याच अंशी कायद्याने योजलेल्या नामांवर व क्रियापदांवर अवलंबून असल्यामुळे तो भाषेच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येतो.

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. अशा मुलखात रानडुकरांपासून पीक राखणे हे शेतकऱ्याचे जुनेच काम. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने ही गरज ओळखून कलम १३ मध्ये पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. परवाना एका व्यक्तीच्या नावे असतो. बंदूक मात्र साऱ्या घरात असते. प्रश्नाचे मूळ या विसंगतीत आहे.

प्रथम क्रियापदे पाहावीत. समोरची व्यक्ती मनोविकल असल्याचे ज्याला ठाऊक आहे, किंवा तसे मानण्यास ज्याला कारण आहे, त्याने तिला शस्त्र विकू नये, हस्तांतरित करू नये, तिच्यासाठी ते दुरुस्त करू नये, असे कलम ९ सांगते. या साऱ्या हेतुपूर्वक करावयाच्या क्रिया होत. बंदूक खुंटीला टांगलेली राहू देणे यांत बसत नाही. कलमे १४ व १७ परवाना नाकारण्याचा व रद्द करण्याचा अधिकार देतात. पण तेथे विचार परवाना मागणाऱ्याच्या वा बाळगणाऱ्याच्या मनाचा आहे, त्याच्या घरच्यांच्या नव्हे. २०१६ च्या शस्त्र नियमांत शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी घेतली जाते, तीही परवानाधारकाचीच. निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याचा सामान्य गुन्हा आहे खरा. परंतु काही न करणे हे तेव्हाच दोषास्पद ठरते, जेव्हा ते करण्याचे कायदेशीर कर्तव्य असते. परवानाधारकावर तसे कर्तव्य दाखविता येईल. आजार प्रथम ओळखणारी आई, पत्नी वा भाऊ मात्र यातील कोणत्याच वाक्याचा कर्ता नाही.

नामांची स्थिती याहून बिकट आहे. ‘डोक्यावर परिणाम झाला’ असे घर म्हणते, ‘मानसिक आजार’ असे वैद्य म्हणतो, ‘मनोविकल’ असे दंडविधान म्हणते. हे शब्द समानार्थी नाहीत. मानसिक आजाराच्या निदानावरूनच कोणी मनोविकल ठरत नाही, त्यासाठी सक्षम न्यायालयाची घोषणा हवी, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम कलम ३ मध्ये स्पष्टपणे सांगतो. मग शस्त्र अधिनियमातील ‘मानण्यास कारण’ कुटुंबाला केव्हा मिळाले म्हणावयाचे? वैद्याची चिठ्ठी हाती आली तेव्हा, की न्यायालयाचा निर्णय झाला तेव्हा?

परदेशात कुटुंबीयांना दोषी धरल्याचे उदाहरण आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ऑक्सफर्ड येथील शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ रोजी १५ वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना ठार केले. त्याचे आईवडील जेनिफर व जेम्स क्रंबली यांना २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. तेथे मुलाच्या आजाराचे नाव निर्णायक नव्हते. बंदूक त्याच्या हाती लागू दिली आणि धोक्याच्या खुणा दिसूनही काही केले नाही, हे आरोपाचे सार होते.

हा भेद कर्जतच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या घरी पोहोचविणारी डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था कर्जतजवळच आहे. या कार्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रुग्णाला घरात घेणे हेच कायद्याने जोखमीचे केले, तर त्याला परत घेणारे दार बंद होईल आणि निदान टाळण्याकडे घरांचा कल वाढेल. सर्वच मनोरुग्ण हिंसक असतात, हा गैरसमजही त्यातून दृढ होईल.

म्हणून कर्तव्य आजाराच्या नावाला न जोडता शस्त्राच्या ठेवणीला जोडले पाहिजे. परवानाधारकावाचून अन्य कोणाच्याही हाती शस्त्र लागू नये, एवढे वाक्य पुरेसे आहे; त्यात मनोविकलतेचा उल्लेखही नको. कुटुंबासाठी शिक्षेपेक्षा सोय अधिक उपयुक्त ठरेल. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याची रीत सर्वपरिचित आहे. घरात आजार उद्भवला असता, कारण न विचारता, कोणाही कुटुंबीयाच्या विनंतीवरून तीच रीत लागू व्हावी. ‘जमा करणे’ या क्रियापदाचा कर्ता होण्याची मुभा मिळाली, तर कुटुंबाला कायद्याच्या वाक्यात प्रथमच स्थान मिळेल, आणि ते आरोपीचे नसेल.