नुसता रेडिओ, की रेडिओ आणि बसलेली माणसं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक प्रश्नावली केली होती. पहिलाच प्रश्न: 'घरात स्मार्टफोन आहे का?' नेवासा तालुक्यातल्या एका मावशींनी 'आहे' म्हणून सांगितलं, मी खूण केली. पुढचा प्रश्न काढेपर्यंत त्या म्हणाल्या, "पण तो पोराकडं असतो. तो आला की मग कांद्याचा भाव कळतो." तक्त्यात त्या घरापुढे 'हो' पडलं ते पडलंच. हे आपल्याला खटकायला हवं होतं, हे मला निम्मं सर्वेक्षण उरकल्यावर कळलं.

तेव्हा गाईडनी एक जुना अहवाल हातात दिला. तुम्हीही तो शोधून वाचा. १९५६ मध्ये आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुणे, नगर (आताचं अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेती मंडळं चालवली. कल्पना मूळची कॅनडाची. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे एकूण वीस कार्यक्रम. गावातली वीसेक माणसं एकत्र बसून ऐकायची, रेडिओ बंद झाला की लगेच चर्चा करायची, आणि पडलेले प्रश्न केंद्राकडे पाठवायची. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून यायची. मोजमापाचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि ते पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानं सांभाळलं. जे. सी. माथुर आणि न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोनं १९५९ मध्ये छापला.

मला यात सगळ्यात आवडली ती तुलना. मंडळ असलेली गावं आणि नसलेली गावं एवढ्यावर ते थांबले नाहीत. मंडळ नाही पण रेडिओ आहे, अशीही गावं त्यांनी घेतली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती इतरांपेक्षा बरीच जास्त वाढली. म्हणजे यंत्राचा परिणाम आणि यंत्राभोवती बसण्याचा परिणाम त्यांनी वेगळा काढला. माझ्या प्रश्नावलीला हे जमलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आज मोबाइलवर निघणाऱ्या कितीतरी शोधनिबंधांनाही जमत नाही. 'वापरकर्ते' आणि 'न वापरणारे', झालं!

पण अहवाल आवडला म्हणून त्याच्यापुढे मान तुकवू नका. एक तर सगळा प्रयोग दोन महिन्यांचा. गावात बाहेरची माणसं येतात, निरीक्षक शेजारी बसतात, आपण विचारलेल्या प्रश्नाला रेडिओवरून उत्तर मिळतं; अशा वेळी कोण झोपेल? हा उत्साह दोन पावसाळ्यांनंतर किती उरला असता, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. १९५९ पासून मंडळं देशभर नेली, ती या निकालाच्या जोरावर. तिथे मला घाई दिसते. दुसरं, मंडळात बसलेली माणसं मुळातच बोलकी, चार लोकांत वावरणारी असतील, तर वाढलेल्या माहितीचं श्रेय चर्चेला किती आणि माणसांच्या निवडीला किती? गावं नीट निवडली तरी गावातली माणसं नीट निवडली असं होत नाही. (व्हायव्हामध्ये हाच प्रश्न येतो, लिहून ठेवा.)

आणि एक गोष्ट, जी आजच्या ग्रुपला लावून बघा. मंडळात माणूस गप्प बसला तर दिसायचा. आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शेकडो नंबर आहेत. सकाळी बाजारभावाचा फोटो येतो, त्याखाली अंगठे पडतात. कुणी वाचलं, कुणाला कळलं नाही, कुणाला विचारायची लाज वाटली, यातलं काहीच दिसत नाही. म्हणून मी 'ग्रुप म्हणजे आजचं मंडळ' हे वाक्य प्रस्तावातून काढून टाकलं. ऐकायला छान होतं, पण सिद्ध केलेलं नव्हतं.

प्रश्नावली बदलली आहे. आता पहिला प्रश्न असा: 'कालचा भाव तुम्हाला कुणी सांगितला, आणि तेव्हा तिथे आणखी कोण होतं?' वेळ तिप्पट लागतो. आधीच्या घरांना परत जावं लागतंय. मावशींकडे मागच्या रविवारी गेले, तर त्यांनी पोरालाही शेजारी बसवून घेतलं आणि भावावरून दोघांचं माझ्यासमोरच वाजलं. मी लिहीत राहिले.