फोटोतून पुसलेला हात

मीरा रोडच्या एखाद्या सोसायटीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत स्टुडिओ थाटलेला असतो. पंखा बंद, हीटर चालू, मोबाइलवर पावसाचा एकसुरी आवाज लावलेला. गोल, मऊ बीनबॅगवर दहा दिवसांचं बाळ पालथं झोपलेलं. त्याचे चिमुकले तळवे हनुवटीखाली आणायचे, कोपरं टेकवायची, की बाळ स्वतःच्या ओंजळीत तोंड ठेवून विचार करत बसल्यासारखं दिसतं. या पोझला धंद्यात ‘फ्रॉगी’ म्हणतात. दहा दिवसांच्या मानेला हा भार पेलणं शक्यच नसतं. म्हणून जाणता छायाचित्रकार दोन फोटो घेतो. एकात आई किंवा मदतनीस बाळाचं डोकं वरून धरते, दुसऱ्यात मनगटं खालून सावरते. मग संगणकावर दोन्ही फोटो जोडतात आणि धरणारे हात पुसून टाकतात.

ही पद्धत बरोबर आहे, हे आधीच सांगते. हात न ठेवता ही पोझ घेऊ पाहणारा बाळाच्या जिवाशी खेळतो, त्याच्याकडे बाळ देऊच नये. माझी तक्रार हात पुसण्याच्या सवयीबद्दल आहे. माया म्हणजे तो धरणारा हातच असतो. बाळाचे फोटो काढण्याची हौस आपल्या शहरात घरोघर पोचली आणि नेमका तो हातच फोटोबाहेर गेला.

हे आजचं नाही. एकोणिसाव्या शतकात काचेवर किंवा पत्र्यावर प्रतिमा उमटायला कित्येक सेकंद लागत. तेवढ्यात बाळ हललं की फोटो धूसर. म्हणून आईने बाळाला मांडीवर घट्ट धरून बसायचं आणि आईवर चादर, पडदा, गालिचा, हाताला येईल ते टाकायचं. फोटो तयार झाला की माउंटच्या गोल खिडकीत फक्त बाळ उरायचं. लिंडा फ्रेन्यी नाग्लेर या कलावंत बाईने असे फोटो वर्षानुवर्षं जमवले. 2013 च्या व्हेनिस बिएनालेत त्यांतले 997 मांडले होते. एकेक फोटो बघत गेलं की बाळाच्या मागचा तो कापडाचा डोंगर दिसायला लागतो. त्याला खांदे असतात. कधी कापडाखालून चार बोटं बाळाच्या पोटावर आलेली असतात. एकदा ती बोटं दिसली की डोळा दुसरीकडे जात नाही.

आज कॅमेरा सेकंदाच्या दोनशेव्या भागात फोटो घेतो. तरीही आईला झाकायची गरज का वाटते?

याचं बरंचसं उत्तर छायाचित्रकार अ‍ॅन गेडीसच्या यशात आहे. 1996 साली तिचं ‘डाउन इन द गार्डन’ हे पुस्तक आलं. फुलात बाळ, कोबीत बाळ, कुंडीत बाळ. त्या फोटोंच्या कॅलेंडरांनी आणि पोस्टरांनी जगभरच्या प्रसूतिगृहांच्या भिंती भरल्या, आपल्याही. टोपलीतलं, दुपट्यात गुंडाळलेलं, झोपलेलं बाळ म्हणजे बाळाचा फोटो, हे तिथून पक्कं झालं. पण मला गेडीसचा सगळ्यात मोठा वाटणारा फोटो त्याआधीचा, 1993 चा आहे. त्यात फूल नाही, पान नाही. वेळेआधी जन्मलेली मनीषा नावाची मुलगी आणि तिला ओंजळीत धरलेले जॅक नावाच्या माणसाचे थोराड, कष्टाचे हात. तो माणूस तिचा बाप नव्हे, तरी बापपण म्हणजे काय ते त्या दोन तळव्यांत आहे. गेडीसच्या मागून आलेल्यांनी टोपली उचलली. ओंजळ कुणी फारशी उचलली नाही.

आपल्याकडच्या स्टुडिओंनी त्या टोपलीला मराठी साज चढवला. बाळविठ्ठल, बाळकृष्ण, जिरेटोपातला शिवबा, बाप्पाच्या पायाशी झोपलेलं बाळ. यातली हौस मला मनापासून आवडते. आजी-आजोबा तो फोटो देवघराशेजारी लावतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो. पण दहा अल्बम शेजारी ठेवून बघितले की छाती दडपते. कपड्यांचे सेट तेच, लाकडी होडकं तेच, पंपास गवत तेच आणि बाळही जणू तेच. मीरा-भाईंदर हे 2011 च्या जनगणनेत आठ लाखांवर गेलेलं शहर. भाईंदर पश्चिमेला गुजराती-मारवाडी घरं, नयानगरात मुसलमान वस्ती, उत्तन-चौक-पालीला ख्रिस्ती कोळी, आणि कोकणातून, देशावरून आलेले आपण सगळीकडे. इतक्या तऱ्हांनी मूल मांडीवर घेणारी माणसं एका महापालिकेत राहतात. उत्तनला बोंबील वाळवायच्या बांबूंच्या मांडवाशी नातवाला कडेवर घेऊन उभी असलेली आजी हा आपल्या शहराचा फोटो आहे. पंपास गवताची इथे गरजच नाही.

संगणकावर फोटोची सफाई करताना आणखी काय काय जातं बघा. नवजात बाळाची त्वचा सोलवटते, कानांवर लव असते, नाकावर पांढरे कण असतात, कावीळ असली तर अंगावर पिवळी झाक असते. ते सगळं एकसारख्या गुलाबी रंगाखाली जातं. एका अल्बममध्ये मी आजीने लावलेली गालावरची तीटसुद्धा डाग समजून पुसलेली पाहिली. ज्या बोटाने ती लावली त्या बोटाची तेवढीच खूण फोटोत होती.

स्टुडिओला बाळ पाचव्या ते चौदाव्या दिवसात हवं असतं. तेव्हा ते जास्त झोपतं आणि पोटातल्यासारखं दुमडता येतं. इकडे घरात सोयर असतं, बाराव्या दिवशी बारसं, आणि बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही हा दंडक. नयानगरच्या घरांतही चाळीस दिवसांची तीच रीत. या ओढाताणीतून एक चांगली गोष्ट घडली. काही छायाचित्रकार कॅमेऱ्याची पिशवी घेऊन घरी यायला लागले. या शहरातले मला आवडलेले बहुतेक फोटो असे घरी काढलेले आहेत. बाळंतिणीच्या खोलीला एकच खिडकी, तिला बॉक्स ग्रिल, ग्रिलमध्ये कुंड्या आणि वाळणारी लंगोटं. सकाळी दहाच्या सुमाराला त्यातून जो उजेड पलंगावर येतो तो कुठल्याही विकतच्या दिव्यापेक्षा मऊ असतो. ट्यूबलाइट बंद करायची, पलंग खिडकीकडे थोडा सरकवायचा, सावलीच्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर धरून उभं करायचं, 50 मिलिमीटरची साधी लेन्स लावायची. बाकी सगळं काम थांबण्याचं. दूध पिऊन झाल्यावर आई बाळाला खांद्यावर घेते, ढेकर येईपर्यंत पाठ थोपटते, आणि ढेकर आली की तिचा चेहरा सैल होतो. तो क्षण ‘इकडे बघा’ म्हणून मिळत नाही.

घरच्या कलेचा आणखी एक प्रकार मात्र समीक्षेने अजून पाहिलेलाही नाही. दर महिन्याच्या वाढदिवसाला बाळाला चादरीवर निजवून भोवती देखावा मांडायचा आणि वरून फोटो घ्यायचा. आषाढात दुपट्ट्यांची दिंडी, कडधान्याचे टाळ-मृदंग. संक्रांतीला ओढणीचा पतंग. सहाव्या महिन्यात उष्टावण म्हणून वाटी-चमचे, पोळपाट-लाटणं. साडीच्या निळ्या पदराचा समुद्र आणि कागदाची होडी. डाळी, टिकल्या, झेंडूच्या पाकळ्या, उशांचे अभ्रे, घरात असेल ते चालतं. रांगोळीची, रुखवताची, चैत्रगौरीच्या आरासीची नजर इथे नव्या जागी कामाला आलेली आहे. स्टुडिओतल्या पोझपेक्षा यात कल्पकता किती तरी जास्त असते, आणि दर महिन्याला एकच बाळ किती वाढलं हे त्याच चादरीवर दिसतं. ही आपली अस्सल लोककला आहे आणि ती बहुतेक आयांनी घडवली आहे.

फक्त ती आई फोटोत नसते. स्टुलावर चढून, हात लांबवून, मोबाइल आडवा धरून ती वर उभी असते. मूल वर्षाचं होतं तेव्हा गॅलरीत हजारो फोटो जमलेले असतात आणि त्यात आई सापडायला बोटं दमतात. बारशाच्या दिवशी नटूनथटून पाळण्याशी उभी असलेली सापडते. रात्री तीनला विस्कटलेल्या केसांनी मूल जोजवणारी कुठेच नाही. ती वेळ ज्याने पाहिली त्या बापाला फोटो काढावासा वाटला नाही.

पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांची आई ते तान्हे असतानाच गेली. तिचा एकही फोटो मागे राहिला नव्हता आणि चेहरा आठवायचं त्यांचं वय नव्हतं. हुसेनांनी पुढे मदर तेरेसांची चित्रमालिका केली. तिच्यात निळ्या काठाची पांढरी साडी आहे, मांडी आहे, मूल आहे, हात आहेत. चेहऱ्याच्या जागी अंधार आहे. त्या चित्रांपुढे उभं राहिलं की आपल्या फोनमधल्या गॅलऱ्या आठवून मला भीती वाटते.

बापाची जागा आता थोडी बदलतेय. राजा रविवर्म्यांनी 1893 साली ‘देअर कम्स पापा’ काढलं, त्यात त्यांची मुलगी महाप्रभा बाळाला घेऊन उभी आहे आणि पापा चौकटीबाहेर आहे. आता तो आत येतोय. 1978 च्या सुमाराला कोलंबियातल्या बोगोटा इथे इनक्युबेटरची टंचाई होती, तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्या कांगारू पद्धतीत बापालाही जागा मिळाली. शर्ट काढून, छातीवर मूठभर बाळ घेऊन अवघडून बसलेल्या बापाचा फोटो मला नव्या काळाने दिलेला सगळ्यात सुंदर फोटो वाटतो. त्याला हात कुठे ठेवावा कळत नसतं. ते न कळणं फोटोत दिसतं.

आणि न्हाणं. मालिशवाली बाई पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर पालथं घेते, तेल जिरवते, टाळू भरते, ऊन पाणी घालते. आई शेजारी बसून तांब्या पुढे करते आणि डोळ्यांनी शिकते. इतकं देखणं दृश्य दुसरं नाही. इथे मात्र कॅमेरा सावकाश उचलावा. छायाचित्रकार युजीन स्मिथने 1971 साली जपानमधल्या मिनामाटाला तोमोको नावाच्या मुलीला न्हाऊ घालणाऱ्या तिच्या आईचा फोटो काढला. पाऱ्याच्या विषाने जन्मतःच पंगू झालेली मुलगी आणि तिच्यावर खिळलेली आईची नजर. जगाने तो डोक्यावर घेतला. तोमोको 1977 साली गेली. लेकीला आता विसावा मिळावा असं आईबापांना वाटत होतं, म्हणून स्मिथची पत्नी आयलीन हिने 1998 साली त्या फोटोचा हक्क त्यांच्या स्वाधीन केला आणि तो पुन्हा छापायला देणं थांबवलं. जाहिरातीसाठी उघड्या बाळाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकताना हे आठवायला हवं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. संमती पालकांची असली तरी अंग बाळाचं आहे. न्हाण्याचा फोटो काढावा, घरात ठेवावा, मूल मोठं झालं की त्याच्या हाती द्यावा.

माझा सहाव्या महिन्यातला एक स्टुडिओतला फोटो आहे, कृष्णधवल. स्टुलावर मी बसलेली, कपाळाला मोठी तीट, डोळे भेदरलेले. बरीच वर्षं तो आमच्या भिंतीवर होता. गेल्या पावसाळ्यात ओल आली म्हणून चौकट उघडली, तेव्हा माउंटच्या पुठ्ठ्याखाली फोटोचा आणखी दोन बोटं भाग निघाला. तिथे उजवीकडून एक हात आलेला आहे आणि त्याने माझी पाठ धरलेली आहे. मनगटात बांगड्या. फोटोत त्या करड्या दिसतात. आईला विचारलं तर ती म्हणाली, हिरव्या होत्या, तुझ्या आजीने भरलेल्या. नवी चौकट करायला दिली तेव्हा चौकटवाल्याला सांगितलं, माउंट नको, फोटो कडेपर्यंत दिसू दे.