पडद्यावरचा मोशे आणि हागादातला मोशे

पेसाह जवळ आला की आमची नातवंडे एक चित्रपट हमखास लावतात : सेसिल बी. डिमिल यांचा १९५६ सालचा ‘द टेन कमांडमेंट्स’. साडेतीन तासांहून मोठा हा चित्रपट मी प्रथम मुंबईत वडिलांबरोबर पाहिला होता. यंदा धाकट्या नातवाने विचारले, “आजोबा, मोशे रब्बेनूंची दाढी अशीच होती ना?” त्याच्या लेखी चार्ल्टन हेस्टन म्हणजेच मोशे! तेव्हा या मोशेची जरा बारकाईने ओळख करून घ्यावी असे वाटले.

प्रथम चित्रपटाचे श्रेय त्याला देऊ. समुद्र दुभंगतो ते दृश्य आजही अंगावर काटा आणते; स्पेशल इफेक्ट्सचे ऑस्कर त्याला उगीच मिळाले नाही. शिवाय जे हॉलिवूडने पदरचे घातलेसे वाटते, ते सर्वच तसे नाही. बिथिया हे फारोच्या मुलीचे नाव इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात आहे. मोशेने इथिओपियावर केलेल्या स्वारीची कथा जोसेफसने लिहून ठेवली आहे. मोशेच्या तारुण्याविषयी तोरा जवळजवळ मौन पाळते आणि ती पोकळी आपल्या मिद्राशनेही कथांनीच भरली. मात्र नेफ्रेतिरीचे प्रेमप्रकरण शुद्ध सिनेमाचे. आणि त्या फारोचे नाव तर तोरा सांगतच नाही.

माझी तक्रार निराळी आहे. आरंभीच गुलाम एका तारणाऱ्याची वाट पाहत असतात, आकाशात तारा दिसतो, राजा बालकांची कत्तल करवतो. ख्रिस्ती प्रेक्षकाला यात येशूजन्माची कथा चटकन ओळखू येते. डिमिल यांनी १९२७ साली येशूच्या जीवनावर ‘द किंग ऑफ किंग्ज’ काढलाच होता. गंमत अशी की, मत्तयाने ती जन्मकथा मोशेच्या कथेवर बेतली असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे आपलीच वस्तू शेजारच्या घरी जाऊन नव्या वेष्टनात परत आली!

परंतु वेष्टनाने वस्तू बदलते. जिभेने जड असलेला मोशे पडद्यावर मेघासारखा गर्जतो आणि त्याच्या वतीने बोलणारा अहरोन मागे पडतो. एक महापुरुष येतो, सर्वांना सोडवतो. लोकांनी फक्त पाहायचे. हागादा उघडा : मिसरातून सुटकेची एवढी मोठी कथा, पण मोशेचे नाव एका पासुकाच्या ओघात एकदाच येते! सुटका परमेश्वराने स्वतः केली, आणि प्रत्येक पिढीतल्या माणसाने आपणच मिसरातून निघालो असे मानावे, ही तिची शिकवण. तिथे कोणी प्रेक्षक नाही.

१८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हागादा छापली गेली ती याचसाठी, की घरच्या भाषेत मुलाने विचारावे आणि वडिलांनी सांगावे. चित्रपटातला मला सर्वांत भावलेला प्रसंगही समुद्राचा नव्हे. बाहेर आक्रोश चाललेला असताना घरात मात्सा खाता खाता एक मूल प्रश्न विचारते, तो. तेवढ्या वेळापुरता डिमिल सेदेरला येऊन बसला आहे.

असो. चित्रपट मुलांना जरूर दाखवावा. पण सेदेरच्या आधी, सेदेरऐवजी नव्हे. नातवाला मी म्हटले, “दाढीचे तोरात काही लिहिलेले नाही, बाळा. सेदेरच्या रात्री दुसरा प्रश्न विचार.”