वेदीविना घुमणारे सूर

प्रेम मृत्यूहून थंड असते, अशा अर्थाचे नाव मिरवणाऱ्या वाद्यवृंदाविषयी या पानांत लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. फासबिंडर या दिग्दर्शकाच्या १९६९ मधील चित्रपटावरून ‘लव्ह इज कोल्डर दॅन डेथ’ हे नाव त्याने घेतले. ‘गीतरत्ना’त प्रीतीला मृत्यूच्या तोडीचे बळ दिले आहे, येथे तिची ऊबच काढून घेतली आहे. तरीही या वृंदाच्या संगीतात आपल्या जुन्या मिस्सागायनाचा नाद घुमतो, म्हणून त्याची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

माईक हार्टुंग व सहकाऱ्यांनी १९९० साली जर्मनीतील लाइपझिग येथे हा वृंद उभारला. बाख यांनी १७२३ पासून १७५० पर्यंत चर्चसंगीताची धुरा वाहिली ते हे शहर. येथेच ९ ऑक्टोबर १९८९ रोजी चर्चमधील शांतिप्रार्थनेनंतर सुमारे ७० हजार लोक रस्त्यावर उतरले आणि वर्षभरात पूर्व जर्मनीचे राज्य इतिहासजमा झाले. नव्या मोकळिकीत या तरुणांना जुन्या धर्मसंगीताची ओढ वाटली, हे लक्षणीय आहे.

‘टिनमथ’ (१९९१) या पहिल्या संग्रहाला इंग्लंडच्या एका किनारी गावाचे नाव आहे. आम्ही तो मांडव्याच्या धक्क्यावर, मुंबईची शेवटची लाँच सुटून गेल्यावर ऐकला. पाण्यापलीकडे शहराचे दिवे लुकलुकत होते. ग्रेगोरियन गायनाची आठवण देणारे खर्जातील पुरुषस्वर आणि त्यांवर तरंगणारा स्त्रीस्वर ऐकताना, वडीलधाऱ्यांच्या तोंडी असलेली लॅटिन उत्तरे आम्हांस आठवली.

परंतु ग्रेगोरियन गायनाला ठेका नसतो. त्याची लय शब्दाच्या आणि श्वासाच्या मागे चालते. यंत्राच्या तालात बांधल्यावर त्यातील शब्द विरतो आणि वातावरण तेवढे उरते. धूप आहे, वेदी नाही, असे काहीसे होते. या वृंदाचा मोठा दोष आम्ही हाच मानतो.

तथापि दोष केवळ त्यांचा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत मराठी आली, ते योग्यच झाले. पण परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक संविधानानेच ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान दिले होते, याचा आपल्याला विसर पडला. आपण माळ्यावर टाकलेले बाजाराने उचलले. १९९० मध्ये ‘एनिग्मा’ने ते नृत्याच्या ठेक्यावर बसवले, १९९४ मध्ये स्पेनमधील सिलोस मठाच्या संन्याशांची ध्वनिमुद्रिका लाखोंनी खपली.

‘मेंटल ट्रॅव्हलर’ (१९९२) नंतर ‘ऑक्सीया’ (१९९४) आला. ऑक्सीया हे बायझंटाईन गायनलिपीतील एका चिन्हाचे नाव. ‘अ‍ॅटोपोस’ (१९९९) म्हणजे ग्रीक भाषेत स्थानभ्रष्ट. पुढे ‘इक्लिप्स’ (२००३), ‘टाइम’ (२००६) आणि ‘टेम्पेस्ट’ (२०१३). एका गावाच्या नावाने निघालेला हा प्रवास ठिकाण हरवल्याची कबुली देतो, हे आम्हांस त्याचे प्रामाणिकपण वाटते. त्यांची तहान खरी आहे. विहीर मात्र आपल्या अंगणात आहे.

आपल्या धर्मग्रामांतील गायनवृंदांनी मराठी गीतांसोबत वर्षाला एक तरी जुने लॅटिन गायन अर्थासह शिकावे, अशी आमची विनंती आहे.