कमावलेलं अंग

मालिशची कुठलीही जाहिरात बघा. कमळ, मेणबत्ती, गुळगुळीत काळे दगड, आणि डोळे मिटून पालथं पडलेलं कुणीतरी. आता चरकसंहिता उघडा. सूत्रस्थानाच्या पाचव्या, 'मात्राशितीय' नावाच्या अध्यायात अभ्यंगाचा विषय निघतो तेव्हा चरकाला आठवतात त्या तीन वस्तू म्हणजे घडा, कातडं आणि गाडीचा आस. तेलाने या तिन्ही वस्तू दणकट होतात, कष्ट सोसू लागतात, आणि अंगाचंही तसंच होतं, एवढंच तो म्हणतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. संस्कृतात देहाचं वर्णन करायचं आणि उपमा गाडीच्या आसाची?

पण याच उपमेपाशी थांबायला हवं. या तिघांपैकी एकही वस्तू शोभेची नाही. एक भरायची, एक वापरून झिजवायची, एक ओझ्याखाली फिरवायची. ज्याला रोज राबायचंय त्याचीच निगा राखावी लागते, हे चरकाने न सांगता सांगितलं आहे. मालिश म्हणजे चैन, हा आपला समज इथेच गळून पडतो. त्यातही क्रम बघा. आधी निर्जीव माती, मग कधीकाळी जिवंत असलेलं कातडं, मग सांध्यासारखा फिरणारा आस. एकेक पायरी चढत उपमा आपल्या गुडघ्यापर्यंत येते. तेल लावण्याच्या क्रियेलाही तिन्ही ठिकाणी वेगळा शब्द आहे. आपण मराठीत म्हणू: घड्याला चोपडायचं, कातड्याला रगडायचं, आसाला वंगण घालायचं. चांगली मालिश करणाऱ्याचा हात या तिन्ही गोष्टी करतो. आधी तेल पसरतो, मग स्नायू रगडतो, शेवटी सांधा गोल फिरवतो.

कातड्याच्या उपमेपाशी मराठी माणसाला एक जादा आनंद मिळतो. आपण कातडं 'कमावतो' आणि शरीरही 'कमावतो'. कच्चं कातडं वाळलं की फळीसारखं ताठ होतं, वाकवलं की तडकतं; कमावलेलं कातडं वर्षानुवर्षं वळतं. तालमीत हा शब्द रोजच्या बोलण्यातला. जोर, बैठका, लढत झाली की पोरं एकमेकांचं अंग रगडतात, आणि ती मालिश खुराकाइतकीच मेहनतीचा भाग असते. (राजकारणात मात्र 'तेल लावलेला पैलवान' म्हटलं की हाती न लागणारा माणूस. बिचाऱ्या तेलाची एवढीच बदनामी आपण केली आहे.)

आसाचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझे आजोबा गाडी जुंपण्याआधी खीळ काढून चाक जरा बाहेर ओढायचे आणि काठीला गुंडाळलेल्या चिंधीने आसाला काळं वंगण फासायचे. चाक वाजत नसलं तरी. मी विचारलं, "वाजत नाहीये, मग कशाला?" ते म्हणाले, "म्हणून तर वाजत नाही." कंबर धरल्यावर मालिशवाल्याचा फोन शोधणारे आपण सगळे हे ऐकायला हवे होतो.

पुढे चरक फायदे सांगतो. नेमाने अभ्यंग करणाऱ्याच्या अंगाला मार लागला किंवा जड काम पडलं तरी फारसा बिघाड होत नाही. स्पर्श मऊ राहतो, बळ राहतं. आणि मग एक शब्द येतो: 'अल्पजर'. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात आवडतो तो हा शब्द. आपल्याकडे अजर-अमर करण्याची आश्वासनं पैशाला पासरी मिळतात. चरक 'अजर' म्हणत नाही. म्हातारपण येणार, फक्त थोडं कमी येईल. इतकं मोजून दिलेलं वचन आजच्या कुठल्या तेलाच्या बाटलीवर छापलेलं दिसत नाही.

सगळंच मान्य करावं असं नाही. तळपायाला तेल लावल्याने पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा, बधिरता जाते, भेगा पडत नाहीत, हे पटतं. त्याने दृष्टी निवळते, हे मात्र मी नम्रपणे बाजूला ठेवतो. पायाला तेल लावून कुणाचा चष्मा सुटलेला मी पाहिला नाही. आपल्या घरांतली तळपायाला घासायची काशाची वाटी याच पादाभ्यंगातली. तळपाय काळे पडले की आजी म्हणायची, "बघ, उष्णता निघाली." तो काळेपणा बराचसा काशाचाच असतो. पण त्यानंतर लागणारी झोप खरी असते.

आजच्या प्रयोगशाळेने काय म्हटलंय? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 11 तरुणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावून एकाच पायाला दहा मिनिटं मालिश केली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मालिश केलेल्या पायाच्या स्नायूत दाहाचे संकेत कमी आढळले. लॅक्टिक ॲसिडवर मात्र काही परिणाम नव्हता. 'मालिशने ॲसिड निचरतं' हे वाक्य आता सोडून द्यायला हरकत नाही. कंबरदुखीवरच्या 25 चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने 2015 साली घेतलेला आढावा आणखी सावध आहे: दुखणं काही काळ कमी होतं, पुढे तो फायदा टिकलेला दिसत नाही, आणि पुरावाही कच्चाच. मालिशच्या भक्तांना हे कडू लागेल. मला त्यात आसच दिसतो. आठ-दहा वेळा वंगण घालून थांबलात तर चाक पुन्हा वाजणार. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

चरकाचं आणखी एक निरीक्षण असं, की स्पर्शावर वायूची सत्ता, आणि स्पर्श राहतो त्वचेत. वायू बाजूला ठेवा. आपल्या केसाळ त्वचेत काही मज्जातंतू असे सापडले आहेत, की जे हळुवार कुरवाळण्याला सर्वाधिक प्रतिसाद देतात; हाताचा वेग सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर असला तर. पाळण्यातल्या बाळाच्या दंडावरून फिरणारा बाईचा तेलकट हात याच चालीने चालतो. तिला कुणी मोजून दिलेलं नसतं.

वाग्भटाने हाच विषय 'अष्टांगहृदया'च्या दुसऱ्या अध्यायात घेतला आहे. त्याची यादी आटोपशीर आणि पाठांतराला सोपी. डोकं, कान आणि पाय यांना विशेष जपा म्हणतो. कफ वाढलेला असेल, शरीराचं शोधन (शुद्धी) नुकतंच झालं असेल, अजीर्ण असेल तर तेल लावू नका, हेही बजावतो. (पायात रक्ताची गुठळी असेल तर पाय चोळू नये, ही भर आजची.) वैद्य म्हणून वाग्भट सोयीचा, पण उपमा चरकाची.

आणि ती उपमा तिथेच संपत नाही. अध्याय संपत आला की चरक म्हणतो, नगराचा धनी जसा नगराची आणि रथी जसा रथाची काळजी घेतो, तसं शहाण्याने स्वतःच्या शरीराच्या कामांत जागं राहावं. वीसेक श्लोकांमागे वंगण घातलेला आस इथे रथाखाली फिरताना दिसतो. मराठी भाषांतरासह चरकसंहिता मिळते; पाचवा अध्याय वाचाल तेव्हा अभ्यंगापाशी थांबू नका, त्या रथापर्यंत जा.